युद्ध न्याय्य ठरवावे कोणी?

पुण्याहून मुंबईच्या जुन्या रस्त्याने निघाले म्हणजे दापोडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी ही एके काळची खेडी आता एकमेकांत इतकी मिसळून गेलेली दिसतात की, एकाची शीव कोठे संपली आणि दुसऱ्याची कोठे लागली हे जुन्या जाणत्यालाही चटकन सांगता येऊ नये. कारखान्यांच्या भिंती आणि कामगारांच्या वसाहती मागे टाकून निगडीच्या पुढे गेले की देखावा पालटतो. तारेची कुंपणे लागतात, पहाऱ्यावरचे शिपाई दिसतात, आत जाण्यास मनाई करणाऱ्या पाट्या येतात. हे देहू रोड. थोड्याच अंतरावर इंद्रायणीच्या काठी तुकोबांचे देहू आणि इकडे सैन्याची दारूगोळ्याची कोठारे, असा हा विलक्षण शेजार आहे. ह्या लष्करी वसाहतीची वाढ मुख्यत्वे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली. आज रोज हजारो माणसे तिच्यावरून कामाला जातात आणि परततात. परंतु ज्या युद्धासाठी ती उभी राहिली ते युद्ध आपले होते की परक्याचे, ह्या प्रश्नावर महाराष्ट्रातील उत्तमोत्तम माणसे एकमेकांविरुद्ध उभी राहिली होती, ह्याचे स्मरण किती जणांस असेल?

हा वाद शूर आणि भित्रे, शहाणे आणि अडाणी, त्यागी आणि स्वार्थी ह्यांच्यामधला असता, तर त्याची आठवण काढण्याचे कारण नव्हते. तो वाद सारख्याच योग्यतेच्या माणसांमधला होता, म्हणूनच तो आजच्या कुटुंबांनीही समजून घेण्याजोगा आहे असे आम्हांस वाटते.

उद्योगपर्वाचा धडा

युद्धाच्या न्याय्यतेचा खल करणे हे दुर्बलांचे लक्षण आहे, असे म्हणणारे लोक प्रत्येक काळी असतात. त्यांनी महाभारताचे उद्योगपर्व एकदा शांतपणे वाचावे. भारतीय युद्धाची पहिली तुतारी वाजण्यापूर्वी व्यासांनी एक सबंध पर्व केवळ वादविवादास दिले आहे. अभिमन्यूच्या विवाहानंतर विराटाच्या सभेत मंडळी जमली असता खुद्द बलराम उठून म्हणतो की, द्यूत खेळावयास बसला तो धर्मराज आपल्या इच्छेने, तेव्हा दूताने नम्रपणानेच बोलावे. ते ऐकून सात्यकी खवळतो आणि बलरामाचा भर सभेत समाचार घेतो. पुढे शिष्टाईस निघालेल्या कृष्णाला भीमासारखा भीमही सामोपचार सुचवितो, तेव्हा द्रौपदी आपले मोकळे केस पुढे करून न्याय मागते. कौरवांकडे विदुर, भीष्म, गांधारी समजावून थकतात. अखेर बलराम कोणत्याच पक्षास न मिळता तीर्थयात्रेस निघून जातो, आणि म्हणून त्यास कोणी भ्याड म्हणत नाही.

व्यासांनी ह्यातील कोणाचेही तोंड दाबले नाही. ज्यांना लढावयाचे होते त्यांचेही म्हणणे आले, ज्यांना नको होते त्यांचेही आले, आणि मगच शंख फुंकले गेले.

प्रत्येक युद्धाला इतका अवकाश मिळतो असे नाही, हेही खरे. आमच्या ह्याच औद्योगिक पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला चाकण आहे. तेथील संग्रामदुर्ग हा साधा भुईकोट किल्ला. सन १६६० मध्ये शाहिस्तेखानाची अफाट फौज त्याच्याभोवती पडली, तेव्हा किल्लेदार फिरंगोजी नरसाळ्याने मूठभर माणसांनिशी तो जवळजवळ दोन महिने झुंजविला. सुरुंगाने बुरूज उडाल्यावरच किल्ला पडला. शत्रू तटाला शिड्या लावीत असता युद्ध न्याय्य आहे काय, असे तटावरच्या माणसाला कोणी विचारीत नाही. उत्तर त्याच्या पायाखालीच असते. खरी अडचण पडते ती युद्ध हजारो कोसांवर चाललेले असून माणसे आणि पैसा आपल्या घरातून मागितला जातो तेव्हा. विसाव्या शतकात महाराष्ट्रावर हा प्रसंग दोनदा आला.

लोकमान्यांची अट

पहिल्या महायुद्धाचा आरंभ झाला तेव्हा लोकमान्य टिळक मंडालेहून सुटून येऊन दोनच महिने झाले होते. त्यांनी साम्राज्याला मदत करण्यास नकार दिला नाही. परंतु त्यांची मदत अटीची होती. हिंदी तरुण शिपाई म्हणून मरावयास चालतो, तर तो अधिकारी का होऊ नये, आणि परक्यांच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्याला स्वतःच्या देशात स्वराज्य का नसावे, हा त्यांचा सवाल होता. १० जून १९१८ रोजी मुंबईस गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन ह्यांनी युद्धपरिषद भरविली. लोकमान्य बोलावयास उभे राहिले आणि स्वराज्याचा विषय निघताच गव्हर्नरसाहेबांनी त्यांस अडविले. लोकमान्य सहकाऱ्यांसह सभा सोडून निघून गेले.

त्याच वर्षी, पुढे अहिंसेचे प्रतीक ठरलेले गांधीजी गुजरातेत खेडा जिल्ह्यात पायी हिंडून सैन्यभरतीचा प्रचार करीत होते. त्यांचे म्हणणे असे की, मदत करावयाची ती बिनशर्त. लोकमान्यांनी त्यांच्याकडे ५०,००० रुपयांचा धनादेश पाठविला: हिंदी माणसांस अधिकाराच्या जागा मिळतील असे वचन सरकारकडून मिळवा, म्हणजे मी महाराष्ट्रातून ५,००० माणसे देतो, न दिली तर ही रक्कम दंड समजावी. गांधीजींनी धनादेश परत केला. दोघेही थोर, दोघेही निःस्वार्थी, आणि तरी एकाला अट घालणे अनुचित वाटले, तर दुसऱ्याला अट न घालणे म्हणजे आपली माणसे फुकट देणे वाटले.

ह्या बिनशर्त मदतीचे फळ काय मिळाले, ते सर्वांस ठाऊक आहे. सन १९१९ मध्ये रौलट कायदा झाला आणि त्याच वर्षी १३ एप्रिलला जालियनवाला बागेत गोळ्या झाडल्या गेल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी हिंदी माणसाच्या मनात ही आठवण ताजी होती.

न विचारता पुकारलेले युद्ध

३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो ह्यांनी हिंदुस्थान युद्धात उतरला आहे असे जाहीर केले. मध्यवर्ती कायदेमंडळाला त्यांनी विचारले नाही. प्रांतोप्रांतीच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळांनाही विचारले नाही. त्याच साम्राज्यातील इतर देशांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेच्या संसदेत प्रश्न मतास टाकला गेला. ८० विरुद्ध ६७ मतांनी युद्धाचा पक्ष निवडून आला आणि तटस्थतेचा पुरस्कार करणारे पंतप्रधान हर्टझोग ह्यांस अधिकारपद सोडावे लागले. कॅनडाने आपल्या संसदेत चर्चा करून १० सप्टेंबरला स्वतःची युद्धघोषणा केली. आयर्लंड तर तटस्थच राहिले. चाळीस कोटींच्या हिंदुस्थानाला मात्र एका माणसाच्या सहीने रणांगणात उभे केले गेले.

आमच्या मते वादाचे मूळ येथे आहे. हिटलर हा मानवजातीचा शत्रू आहे, ह्याविषयी विचारी माणसांत फारसा मतभेद नव्हता. काँग्रेसच्या कार्यकारिणीनेही १४ सप्टेंबरच्या आपल्या निवेदनात नाझी आक्रमणाचा निषेधच केला होता. परंतु तिने पुढे असे विचारले की, हे युद्ध स्वातंत्र्यासाठी आहे म्हणता, तर ते स्वातंत्र्य हिंदुस्थानालाही लागू आहे काय? समाधानकारक उत्तर मिळाले नाही. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर ह्यांच्या मंत्रिमंडळाने विधिमंडळात ठराव आणला आणि नोव्हेंबरच्या आरंभी राजीनामा दिला. युद्धाचा हेतू न्याय्य असू शकतो आणि तरीही ते पुकारण्याची रीत अन्याय्य असू शकते, हे सूक्ष्म सत्य त्या दिवसांत प्रथमच सामान्य माणसांच्या बोलण्यात आले.

एका महाराष्ट्राची चार उत्तरे

ह्या प्रश्नाला एकट्या महाराष्ट्राने निदान चार उत्तरे दिली.

पहिले उत्तर विनोबांचे. १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळील पवनार येथे त्यांनी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहास प्रारंभ केला. गांधीजींनी सबंध देशातून निवडलेला हा पहिला सत्याग्रही. ह्या युद्धाला माणसांनी वा पैशांनी मदत करणे चुकीचे आहे. सर्वच युद्धांचा अहिंसेने प्रतिकार केला पाहिजे, एवढेच त्यांचे सांगणे. चार दिवसांत त्यांस अटक झाली आणि तीन महिन्यांची शिक्षा मिळाली. त्यांच्या मागून देशभर वीस हजारांहून अधिक माणसे अशीच तुरुंगात गेली.

दुसरे उत्तर सावरकरांचे. नीतीचा खल राहू द्या, सरकारला आज सैनिक हवे आहेत ही आपली संधी आहे, असे ते गावोगाव सांगत होते. ज्या समाजाच्या हातातून शस्त्र काढून घेतले गेले, त्याच्या हाती ते परत येत असताना तो कोणाच्या पैशाने येते हे पाहणे वेडेपणाचे, अशी त्यांची दृष्टी होती. डॉ. मुंजे ह्यांनी नाशिकला १९३७ मध्ये सुरू केलेली भोसला सैनिकी शाळा ह्याच विचाराची.

तिसरे उत्तर डॉ. आंबेडकरांचे. ऑक्टोबर १९३९ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात युद्धाच्या ठरावावर बोलताना त्यांनी स्वच्छ सांगितले की, माझे हित आणि देशाचे हित ह्यांत विरोध आला तर मी देशाचे हित पाहीन. परंतु देशाचे हित आणि अस्पृश्यांचे हित ह्यांत विरोध आला तर मी अस्पृश्यांचे पाहीन. महार शिपायांस सैन्याचे दरवाजे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाले होते, पहिल्या महायुद्धात थोडे उघडून पुन्हा लावले गेले होते. १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावास महार पलटणीची स्थापना झाली. ज्याला गावात पाणवठाही मोकळा नव्हता त्याला गणवेष, पगार आणि मान देणारे युद्ध निव्वळ परक्याचे म्हणता येईल काय, ह्या प्रश्नाला सुखवस्तू घरांतून उत्तर देणे सोपे नव्हते.

चौथे उत्तर डाव्या विचाराच्या लोकांचे, आणि तेही एक नव्हते. २ ऑक्टोबर १९३९ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांनी युद्धाविरुद्ध संप केला, तेव्हा कम्युनिस्टांच्या लेखी ते साम्राज्यशाहीचे युद्ध होते. २२ जून १९४१ रोजी हिटलर रशियावर चालून गेला आणि काही महिन्यांत तेच युद्ध त्यांच्या लेखी लोकयुद्ध ठरले. मानवेंद्रनाथ रॉय ह्यांचा पक्ष मात्र फॅसिझमचा पराभव हेच पहिले कर्तव्य मानून युद्धाच्या बाजूस राहिला; वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे त्याच पक्षातले.

येथे वाचकांनी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे. टिळकांनी मंडालेस गीतारहस्य लिहिले. विनोबांनी १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर प्रवचने दिली. ग्रंथ तोच, श्लोक तेच, श्रद्धाही तितकीच उत्कट. तरी एकाने अटीवर माणसे देऊ केली आणि दुसऱ्याने एकही माणूस देऊ नका म्हणून तुरुंग पत्करला. गीता कर्तव्य सांगते, परंतु आजचे कर्तव्य कोणते हे शोधण्याचे ओझे ती वाचकाच्या शिरावरून उतरवीत नाही.

घराघरांतील मतभेद

हा वाद केवळ पुढाऱ्यांचा राहिला नाही. पुण्यात आणि भोवतालच्या गावांत अशी घरे थोडी नव्हती की, जेथे एक भाऊ खादी वापरून सत्याग्रहात गेला आणि दुसरा मिलिटरी अकौंट्समध्ये किंवा खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात नोकरीस लागला. पहिल्याच्या मुलांचे दूध दुसऱ्याच्या पगारावर येई. धान्य, साखर, रॉकेल ह्यांसाठी रांगेत उभे राहणाऱ्या गृहिणीला हे युद्ध कोणाचे, ते कोणत्याही अग्रलेखावाचून समजत होते. आणि जेथे रांगेतही धान्य नव्हते त्या बंगालात १९४३ च्या दुष्काळाने लाखो माणसे नेली.

काहींच्या बाबतीत ही दुफळी घरातून मनात शिरली. २४ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या लष्कर भागातील कॅपिटॉल चित्रगृहात स्फोट होऊन गोरे सैनिक ठार झाले. त्या कटातील भास्कर कर्णिक हा तरुण पुण्याजवळच्या लष्करी दारूगोळ्याच्या खात्यातच नोकरीस होता. पकडला गेल्यावर सहकाऱ्यांची नावे तोंडून निघू नयेत म्हणून त्याने फरासखान्यात विष घेऊन प्राण दिला. त्याचा मार्ग कोणास पटो वा न पटो; ज्या युद्धाचे सामान दिवसभर हाताळावयाचे तेच युद्ध मनाने नाकारावयाचे, ही यातना खोटी नव्हती.

आणि दुसरी बाजूही तितक्याच आदराने सांगितली पाहिजे. विनोबांचा जन्म कुलाबा जिल्ह्यातील गागोद्याचा. आज त्या जिल्ह्यास रायगड म्हणतात. त्याच जिल्ह्यातील माणगाव तालुक्याचा यशवंत घाडगे हा मराठा पलटणीतला नाईक. १० जुलै १९४४ रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात त्याच्या तुकडीची जवळजवळ सारी माणसे पडली असता तो एकटा शत्रूच्या मशीनगनवर धावून गेला, तिचे ठाणे त्याने घेतले आणि तेथेच तो पडला. वय अवघे बावीस वर्षांचे. त्यास मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. एकाच जिल्ह्याच्या मातीने युद्धाला नाही म्हणणारा पहिला सत्याग्रही दिला आणि युद्धात देह ठेवणारा वीरही दिला. ह्या दोघांपैकी भ्याड कोण, आणि देशद्रोही कोण? आमच्या मते दोघांपैकी कोणीही नाही. पण त्या वर्षांत हेच दोन शब्द सभांतून आणि वर्तमानपत्रांतून सढळपणे उधळले जात होते. युद्धास विरोध करणारा शत्रूचा हस्तक ठरे आणि भरती होणारा सरकारचा भाडोत्री.

युद्धाच्या अखेरीस हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले होते. त्यातील ८७,००० हून अधिक परत आले नाहीत. ह्या पंचवीस लाखांस कोणीही सक्तीने नेले नव्हते हे खरे, परंतु त्यांच्या देशास कोणी विचारलेही नव्हते.

विचारण्याचा अधिकार

युद्ध दाराशी आले असता चर्चा करीत बसले तर घर जळून जाईल, असा आक्षेप येथे घेतला जाईल. ह्यास उत्तर इंग्लंडनेच दिले आहे. हिटलरच्या फौजा नॉर्वेत असताना, ७ आणि ८ मे १९४० रोजी, त्यांच्या पार्लमेंटाने दोन दिवस कडाक्याचा वाद केला, चेंबरलेन ह्यांस जावे लागले आणि चर्चिल आले. त्या वादाने इंग्लंड दुबळे झाले, असे कोणी म्हणत नाही. त्याच इंग्लंडात सदसद्विवेकबुद्धीस अनुसरून लढण्यास नकार देणाऱ्या सुमारे ६०,००० माणसांचे म्हणणे ऐकण्यासाठी स्वतंत्र न्यायमंडळे होती. तेथे नकारास सुनावणी मिळाली, येथे विनोबांस तुरुंग मिळाला. इंग्रजांनी स्वतःला जो हक्क दिला तो आपल्याला दिला नाही, हेच तर सारे दुखणे होते.

स्वराज्यात हे दुखणे संपले काय? आपल्या राज्यघटनेत युद्धापूर्वी संसदेचे मत घेतलेच पाहिजे असे स्पष्ट बंधन नाही. तेव्हा ही गोष्ट रूढीवर आणि लोकांच्या जागरूकतेवरच राहिली आहे. सन १९६२ मध्ये चीनशी युद्ध चालू असताना तरुण खासदार अटलबिहारी वाजपेयी ह्यांनी अधिवेशनाची मागणी केली आणि पंतप्रधान नेहरूंनी ८ नोव्हेंबरला, युद्ध संपण्यापूर्वीच, संसद बोलाविली. पुढे २००३ मध्ये इराकात सैन्य पाठविण्याची अमेरिकेची मागणी आली. पक्षापक्षांत आणि वर्तमानपत्रांत तिच्यावर उघड चर्चा झाली आणि त्या वर्षीच्या जुलैत भारत सरकारने नकार कळविला. हजारो कोसांवरच्या युद्धास माणसे द्यावीत की नाही, ह्या १९३९ च्याच प्रश्नाला ह्या वेळी उत्तर देशाने स्वतः दिले. विचारले जाणे आणि न विचारले जाणे ह्यांत किती अंतर असते, ते ह्या दोन सालांवरून कळेल.

आज तलवार गंजलेली नाही आणि जगही शांत झालेले नाही. ह्याच पट्ट्यात मोटारींशेजारी सैन्याचे सामान तयार होते, ह्याच वसाहतींतील मुले खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जातात. युद्धाची भाषा दूरचित्रवाणीवरून आता थेट जेवणाच्या पानापर्यंत येते, आणि अशा वेळी शंका विचारणाऱ्यास गप्प बसविण्याची घाईही होते. आमची सुज्ञ कुटुंबांस एवढीच विनंती आहे की, ही घाई निदान आपल्या घरात होऊ देऊ नये. युद्धाविषयी दोन प्रश्न नेहमी निरनिराळे विचारावे. कारण न्याय्य आहे काय, हा एक. आणि ज्यांनी मुलगे द्यावयाचे त्यांस विचारले आहे काय, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर होकारार्थी आले म्हणून दुसरा विचारण्याची गरज संपत नाही.

मुलाने सैन्यात जाण्याचे ठरविले, तर त्यास अभिमानाने निरोप द्यावा. मुलीने युद्धाविरुद्ध मत मांडले, तर तिचे म्हणणे पुरते ऐकून घ्यावे. विराटाच्या सभेत बलराम आणि सात्यकी दोघांनाही आसन होते, आणि दोघांचे बोलणे ऐकल्यामुळे पांडवांचा पक्ष काही उणा झाला नाही.